कोऱ्या पट्टीवरचे अक्षर : दमदमच्या तबकडी-कारखान्याचा इतिहास

आपल्या मंडळाच्या बैठकीला येणाऱ्यांना एक दृश्य ओळखीचे आहे. पाकिटातून एलपी बाहेर निघते, पण लगेच लागत नाही. कुणीतरी ती दोन्ही तळव्यांत कडेने धरतो, ट्यूबलाइटखाली तिरपी करतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि गाणे जिथे संपते तिथली, लेबलाला लागून असलेली बोटभर गुळगुळीत पट्टी वाचू लागतो. तिथे ना सूर असतो ना ताल. असतात ती काही अक्षरे आणि आकडे, कुठे ठशाने उमटवलेली, कुठे हाताने कोरलेली. इंग्रजीत या जागेला ‘डेड वॅक्स’ म्हणतात. आपण तिला कोरी पट्टी म्हणतो, आणि ती कोरी नसते म्हणूनच ती वाचायची असते.

स्मरणिकेसाठी विषय वाटले तेव्हा गायक-गायिकांवर लिहायला पुष्कळ हात वर झाले. ज्या संस्थेने त्यांची गाणी आपल्या घरापर्यंत आणली, तिच्यावर लिहायला कुणी पुढे येईना. ते काम माझ्याकडे आले. आपल्या संग्रहातल्या बहुतेक तबकड्यांच्या लेबलावर बारीक अक्षरांत कलकत्ता किंवा दमदम हे नाव आहे. त्या दमदमच्या कारखान्याचा हा इतिहास, आणि त्या निमित्ताने तबकडी कशी घडते याची हकिकतही.

हॅनोव्हरची वारी

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेडरिक विल्यम गाइसबर्ग कलकत्त्यात उतरला होता. हॉटेलच्या खोलीत त्याने यंत्र मांडले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या जाड चकतीवर खाच पाडत जायची. त्या दौऱ्यात गौहर जान गायल्या, आणि गाणे संपता संपता इंग्रजीत आपले नाव पुकारून थांबल्या: ‘माय नेम इज गौहर जान’. आज ती ललकारी ऐकताना गंमत वाटते. तिच्यामागचे कारण मात्र कारखान्याचे होते. मेणाच्या चकत्या बोटीने जर्मनीला, हॅनोव्हरच्या कारखान्यात जात. तिथल्या कामगारांना भाषा कळत नसे आणि गायिकाही ठाऊक नसे. कुठल्या चकतीला कुठले लेबल लावायचे हे कळावे म्हणून गाणाऱ्यानेच नाव सांगायचे. म्हणजे आपल्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध वाक्य हे खरे तर लेबल चिकटवणाऱ्यासाठी केलेली सूचना आहे!

हॅनोव्हरला छापलेल्या तबकड्या पुढच्या वर्षी परत भारतात विक्रीला आल्या. या जाण्यायेण्यात एक विसंगती होती. तबकडीचा जीव असलेली लाख आपल्याकडची. पळस, कुसुंब, बोरीच्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यांपासून ती मिळते आणि छोटा नागपूरच्या पट्ट्यात तिची जुनी पैदास आहे. कच्चा माल बंगालच्या बंदरातून परदेशी जायचा, गाणेही मेणावर चढून परदेशी जायचे, आणि दोन्हींची मिळून झालेली तबकडी सागर ओलांडून परत कलकत्त्याच्याच दुकानात यायची.

सियालदह ते दमदम

हा उलटा प्रवास कंपनीला परवडणारा नव्हता. गिऱ्हाईक वाढत होते आणि माल पोचायला महिने लागत होते. अखेर कलकत्त्यात सियालदहजवळ बेलेघाटा रस्त्यावर कंपनीने कारखाना घातला आणि १९०८ साली तिथे छपाई सुरू झाली. भारतातला तबकड्यांचा हा पहिला कारखाना. सहा वर्षांनी महायुद्ध पेटले तेव्हा हॅनोव्हर शत्रूच्या मुलखात गेले आणि कंपनीला त्या कारखान्यावर पाणी सोडावे लागले. सियालदहचा निर्णय किती वेळेवर झाला होता, हे त्या वेळी कळले.

पुढे ही जागाही अपुरी पडू लागली. १९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले, कर्ण्याची जागा मायक्रोफोनने घेतली आणि स्टुडिओ नावाची स्वतंत्र वास्तू लागू लागली. १९२८ च्या सुमारास कंपनीने शहराच्या उत्तरेला जेसोर रस्त्यावर दमदमला आपला मोठा पसारा मांडला. एका आवारात स्टुडिओ आणि कारखाना, दोन्ही. दमदमचे नाव तोवर जगाला दुसऱ्याच कारणाने माहीत होते. तिथल्या शस्त्रागारात बनलेली, शरीरात शिरल्यावर फुलणारी बंदुकीची गोळी ‘डमडम’ म्हणून कुप्रसिद्ध होती. त्याच गावातून पुढची काही दशके अंगाई, अभंग, कीर्तन, ठुमरी आणि नाट्यपदे देशभर जाऊ लागली.

काझी नजरुल इस्लाम याच काळात कंपनीसाठी गाणी रचत होते आणि गायकांकडून ती बसवून घेत होते. १९३१ साली लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया एकत्र येऊन ईएमआय झाली, आणि कालपर्यंतच्या प्रतिस्पर्ध्यांच्या तबकड्याही दमदमलाच छापल्या जाऊ लागल्या. काही देशी कंपन्यांनी आपली लेबले काढली, पण छपाईला दमदमचीच वाट धरली. लेबलावर कंपनीचे कुत्र्याचे चित्र नसलेल्या कित्येक तबकड्यांचा जन्मही त्यामुळे याच आवारातला आहे.

लाखेची तबकडी

आजच्या पिढीला तबकडी म्हटले की विनाइल आठवते. दमदमचा निम्म्याहून अधिक इतिहास मात्र लाखेचा आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी ती जड, काळी, हातातून सुटली की चक्काचूर होणारी तबकडी. तिच्यात लाख असे ती बांधणीपुरती. अंगाने जास्त भरलेली असे ती दगडाची भुकटी, जोडीला काजळी आणि थोडे कापसाचे तंतू.

हा दगड नुसता भरतीचा नव्हता. तबकडी मुद्दाम खरखरीत ठेवायची, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांत पोलादी सुईचे टोक घासून बरोबर खाचेच्या आकाराचे होई. म्हणून दर बाजूला सुई बदलायची पद्धत होती. घरोघरी फोनोजवळ सुयांची पत्र्याची डबी असे, आणि एकदा वापरलेली सुई डबीत परत टाकणाऱ्याला वडीलधारे रागावत. गाण्यामागे सतत ऐकू येणारी ती ‘खर्रर्र’ अर्धी त्या दगडाचीच.

छपाई भाकरीच्या कामासारखी होती. मिश्रणाचे चौकोनी तुकडे, ज्यांना कारखान्यात बिस्किट म्हणत, ते तापत्या टेबलावर मऊ करायचे. प्रेसच्या दोन्ही जबड्यांत धातूचे साचे, साच्यांच्या मधोमध लेबले. मऊ बिस्किट मध्ये ठेवून जबडा मिटायचा, वाफेच्या उष्णतेत दाबायचे, मग साच्यामागून थंड पाणी सोडायचे. बाहेर आलेल्या चकतीची कड नंतर घासून गुळगुळीत करायची.

दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटे मावत. या अटीचा परिणाम संगीतावर किती झाला हे आपल्या मंडळात वेगळे सांगायला नको. तासभर रंगणारा ख्याल आलाप आवरून, तानेची झलक दाखवून, समेवर येऊन साडेतीन मिनिटांत मिटवायचा. बालगंधर्वांचे पद रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत कुठल्या कुठे जायचे, तबकडीवर मात्र त्याला घड्याळाच्या काट्यापुढे नमावे लागे. तीन मिनिटांत राग उभा करण्याची ती कला याच सक्तीतून घडली. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मुंबईचे मेण, दमदमची छपाई

मराठी गाण्याच्या दृष्टीने या संस्थेची दुसरी नाळ मुंबईला आहे. मुंबईत कंपनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण होई, पण मेणाची चकती तिथे काही कामाची नसे. ती वाजवून पाहायची सोयच नव्हती, कारण सुई एकदा फिरवली की मेण खरवडले जाऊन मूळ खाचच जाई. म्हणून गाणे दोनदा घ्यायचे, जपून बांधायचे आणि आगगाडीने कलकत्त्याला रवाना करायचे. आपण कसे गायलो हे गायकाला कळायला दमदमहून नमुन्याची तबकडी येईपर्यंत थांबावे लागे.

या कामात मुंबईला एक मराठी माणूस होता, आणि त्याचे नाव घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही: जी. एन. जोशी. भावगीत गाणाऱ्या पहिल्या पिढीतले ते गायक. १९३८ साली ते कंपनीत रुजू झाले आणि पुढची तीन दशके गायकांना स्टुडिओपर्यंत आणण्याचे काम त्यांनी केले. कुणाचा रुसवा काढायचा, कुणाची तबकडीविषयीची भीती घालवायची, कुणाला तीन मिनिटांत बसवायचे, हे सारे त्यांच्याकडे होते. पुढे एलपी आल्यावर उस्ताद अमीर खाँसारख्या विलंबित गायकाला प्रथमच पुरेशी जागा मिळाली, त्यामागेही तेच होते. १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ म्हणजे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची एलपी, तिचे निर्माते जोशीच. आपल्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही, त्यांनी या स्मरणिकेआधी ते वाचावे.

लाख गेली, विनाइल आले

लाखेची सद्दी संपवण्यात दुसऱ्या महायुद्धाचा हात आहे. लाख भारतातून यायची, समुद्र धोक्याचा झाला होता आणि युद्धकामालाही लाख लागत होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्ध उत्पादन मंडळाने तबकड्यांसाठीची लाख सत्तर टक्क्यांनी कापली. मग सैनिकांसाठीच्या ‘व्ही-डिस्क’ तबकड्यांना विनाइल वापरले गेले, कारण आघाडीवर जाणारी तबकडी फुटून चालणार नव्हती. विनाइल फुटत नाही आणि त्यात दगडाची भुकटी घालावी लागत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत, म्हणून खरखर कमी. खरखर कमी म्हणून खाच बारीक चालते. खाच बारीक म्हणून वेग कमी चालतो आणि वेळ जास्त मावतो. जून १९४८ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबियाने मिनिटाला सव्वातेहतीसच्या किंचित वर, म्हणजे ३३⅓ फेरे घेणारी एलपी बाजारात आणली. पुढच्या वर्षी आरसीए व्हिक्टरची पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी तबकडी आली.

भारतीय शास्त्रीय संगीताची पहिली एलपी १९५५ साली न्यूयॉर्कला झाली, अली अकबर खाँ यांच्या सरोदची. दमदमला एलपी छापायला पन्नाशीचे दशक सरत आले. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्याही सोबत छापल्या जात राहिल्या, कारण खेड्यापाड्यांत चावीचे फोनो अजून चालू होते आणि वीज पोचलेली नव्हती. म्हणूनच एक अजब गोष्ट घडली. इंग्लंडमध्ये अठ्ठ्याहत्तरची तबकडी इतिहासजमा झाल्यावरही बीटल्सची गाणी दमदमला अठ्ठ्याहत्तरवर छापली गेली. आज जगभरचे संग्राहक त्या भारतीय तबकड्यांमागे धावतात. आपल्या मागासलेपणाची ती खूण दुर्मीळ म्हणून विकली जाते.

एका एलपीचा जन्म

आता कारखान्याच्या आत जाऊ. एलपी घडवण्याची ही रीत जगभर थोड्याफार फरकाने एकच आहे.

सुरुवात होते लॅकरपासून. अॅल्युमिनियमच्या चौदा इंची चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा आरशासारखा थर दिलेला असतो. ती कटिंगच्या लेथवर बसते. वर छिन्नीच्या आकाराचे, विजेने तापवलेले माणकाचे किंवा नीलमण्याचे टोक. ध्वनिमुद्रणाची टेप सुरू होते आणि ते टोक आवाजाप्रमाणे थरथरत खाच कापत आत सरकते. खाच केसाहूनही बारीक. कापताना निघणारा काळा तंतू नळीने ओढून घ्यावा लागतो, कारण नायट्रोसेल्युलोज स्फोटकांच्या जातीचे आणि पेट घ्यायला त्याला ठिणगी पुरे.

नवीन सभासदांना आपण एक कोडे घालतो: एलपीच्या एका बाजूला खाचा किती? कुणी शंभर म्हणतो, कुणी हजार. उत्तर एक. कडेपासून आतपर्यंत वळत गेलेली एकच खाच. वीस मिनिटांच्या बाजूची खाच सरळ केली तर सुमारे सव्वाचारशे मीटर भरेल. स्टिरिओमध्ये तिच्या दोन भिंती दोन आवाज वाहतात, डावीकडचा एक आणि उजवीकडचा दुसरा. ही कल्पना ईएमआयच्या अॅलन ब्लूमलाइनची, १९३१ च्या पेटंटमधली. बाजारात ती यायला पंचवीसहून अधिक वर्षे गेली.

कापणाऱ्याचे कसब जागेच्या हिशोबात असते. तबल्याचा डग्गा किंवा मृदंग घुमला की खाच रुंद झोके घेते आणि शेजारच्या वळणावर जाऊन आदळू पाहते. म्हणून मंद्र आवाज दाबून आणि तार आवाज चढवून कापायचे, आणि ऐकताना अॅम्प्लिफायरने त्याच्या नेमके उलट करायचे, हा नियम १९५४ पासून ठरलेला आहे. दुसरी अडचण वेगाची. तबकडी ठरलेल्या फेऱ्यांनी फिरते, पण सुईखालून सरकणारी लांबी मात्र कमी होत जाते. कडेला सेकंदाला जवळपास अर्धा मीटर, लेबलाजवळ एकवीस सेंटिमीटर. आत गेल्यावर तेच चढे सूर कमी जागेत कोंबावे लागतात. बाजूच्या शेवटच्या गाण्यात तारसप्तक जरा फाटल्यासारखे वाटते, त्याचा दोष नेहमी गायिकेच्या गळ्याचा नसतो.

कापणे संपले की त्या गुळगुळीत पट्टीवर क्रमांक पडतो. इंग्लंडातला नामांकित कटर जॉर्ज पेकहॅम तिथे ‘अ पॉर्की प्राइम कट’ अशी आपली मोहोर कोरायचा. मी पाहिलेल्या दमदमच्या पट्ट्यांवर असली मौज नाही. नुसते आकडे आहेत.

यापुढचे काम रसायनांचे. लॅकर धुऊन त्यावर चांदीचा थर फवारतात, कारण लॅकरमधून वीज जात नाही आणि चांदीतून जाते. मग ते निकेलच्या द्रावणात बुडवून विजेच्या प्रवाहाने त्यावर निकेल चढवतात. तो थर सोलून काढला की हाती येते मुळाची उलटी प्रतिमा: खाचेच्या जागी धार. याला कारखान्यात ‘फादर’ म्हणतात. सोलताना लॅकर बहुधा कामातून जाते. फादरवर पुन्हा निकेल चढवून सोलले की मिळते ‘मदर’, खाच असलेली, सुई ठेवली तर वाजणारी धातूची तबकडी. मदरवर पुन्हा तोच संस्कार केला की स्टॅम्पर, म्हणजे प्रत्यक्ष छापणारा साचा. एका फादरपासून दहाएक मदर, एका मदरपासून दहाएक स्टॅम्पर, आणि एका स्टॅम्परवर हजारभर प्रती, असा ढोबळ हिशोब धरला तर एका लॅकरपोटी लाखभर तबकड्या होतात. लाखेची तबकडी गेली तरी लाख हा शब्द असा टिकून राहिला.

हे घराणे ऐकताना आपल्याला दुसरी घराणी आठवल्याशिवाय राहत नाहीत. मूळ पुरुष निघून जातो आणि पुढच्या पिढीत त्याचे गाणे राहते. पण प्रत्येक पिढीत थोडे काही गळते, थोडे काही चिकटते. इंग्लंडातल्या हेजच्या ईएमआय कारखान्यात हे वंशवृक्षाचे भान पट्टीवरच नोंदलेले असे. क्रमांकाच्या एका बाजूला मदरचा आकडा, दुसऱ्या बाजूला स्टॅम्परची अक्षरे. एक ते नऊ आणि शून्य यांच्या जागी कंपनीने आपल्याच नावातली दहा अक्षरे वापरली: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. ‘जी’ म्हणजे पहिला स्टॅम्पर, ‘आर’ म्हणजे दुसरा. ज्याला ही चावी ठाऊक, त्याला तबकडीच्या पट्टीवरून तिची वंशावळ वाचता येते.

आता प्रेस. पीव्हीसीचे दाणे, रंगाला काजळी आणि उष्णतेत टिकावे म्हणून थोडे स्थिरक. यंत्रातून मऊ होऊन बाहेर येतो तो गोळा, लाडूएवढा. वरखाली लेबले ठेवतात. लेबलांना डिंक लागत नाही, ती उष्णतेने विनाइलमध्येच रुजतात. पण त्याआधी ती भट्टीत नीट वाळवलेली हवीत, नाहीतर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन फोड येतो. गोळा दोन स्टॅम्परच्या मध्ये गेला की प्रेस शंभरहून अधिक टनांच्या दाबाने मिटते. आत वाफ, मग थंड पाणी. अर्ध्या मिनिटाच्या आत एलपी तयार. कडेला पसरलेली विनाइलची झालर कापून पुन्हा दाण्यांत मिसळतात, आणि तबकड्या सपाट राहाव्यात म्हणून सळईवर रचून थंड होऊ देतात.

चूक व्हायला जागा अनेक. प्लॅस्टिक खाचेच्या तळापर्यंत पोचले नाही तर कापड फाडल्यासारखा आवाज येतो. भोक मध्यापासून किंचित हलले तर तंबोरा दर फेरीला वरखाली झुलतो. तबकडी गरम असताना वाकली की तिचे कायमचे पापड. हे शेवटचे मी कारखान्याशिवाय, घरीच केले आहे. एकदा खिडकीत उन्हाला ठेवलेली एलपी संध्याकाळी काढली तेव्हा तिने पन्हाळीचा आकार घेतला होता. अठ्ठ्याहत्तरची तबकडीही उन्हाने वाकली असती, वर काढताना हातातून सुटली असती तर फुटलीही असती. प्रत्येक काळाचा नाजूकपणा निराळा.

सोन्याची तबकडी

आता केसरबाईंकडे. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने सूर्यमालेबाहेर पाठवली. प्रत्येकावर बारा इंची तबकडी आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याची, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. सोबत वाजवण्यासाठी सुई आणि कार्ट्रिजही ठेवले आहे. पृथ्वीवरच्या संगीतातून निवडलेल्या गाण्यांत भारतातून एकच आहे, गोव्याच्या केसरबाईंची ती साडेतीन मिनिटांची भैरवी. रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने ती सुचवली होती.

कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर ती तबकडी मदरच्या जातीची आहे, धातूची आणि वाजणारी. अंतराळात पाठवायला विनाइलवर भरवसा नव्हता. अठ्ठ्याहत्तरच्या अटीत गाणे आटोपते घ्यावे लागले याबद्दल आपण अनेकदा हळहळतो. पण त्याच आटोपशीरपणाने त्या गाण्याला दूरवर जाणाऱ्या यानात जागा मिळाली.

उतरती वर्षे

सत्तरीचे दशक हे दमदमच्या भरभराटीचे शेवटचे. सुधीर फडक्यांच्या आवाजातल्या गीतरामायणाच्या एलपी मराठी घरांत देव्हाऱ्याइतक्या जपल्या जात. स्पर्धाही आली होती. ‘शोले’च्या संवादांची एलपी पॉलिडॉरने काढली आणि गाण्याशिवायची तबकडीही हातोहात खपते हे दाखवून दिले.

मग कॅसेट आली. स्वस्त, घरच्या घरी भरता येणारी, खिशात मावणारी. ऐंशीच्या दशकात बाजार पुरता पालटला आणि याच दशकाच्या मध्याला कंपनी आरपीजी समूहाकडे गेली. तबकड्यांच्या प्रेस एकेक करून थांबत गेल्या. २००० साली कंपनीने सारेगामा हे नाव घेतले. कुत्र्याचे चित्र विरले, जुना ठेवा सीडीवर आणि मग नुसत्या फायलीत गेला.

विनाइल मात्र संपले नाही. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीची रक्कम सीडीच्या पुढे गेली, १९८६ नंतर प्रथमच. त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला लॅकर बनवणारा मोठा कारखाना आगीत नष्ट झाला आणि जगाची सारी मदार जपानमधल्या एका उत्पादकावर येऊन पडली. ज्या द्रव्याला ठिणगी पुरे, ते पुन्हा पेटले होते. आपल्याकडे २०२४ साली मुंबईत पुन्हा विनाइलची छपाई सुरू झाली.

ऋणनिर्देश

स्मरणिकेत इतिहासाच्या शेवटी ऋणनिर्देश असतो. इथे तो अवघड आहे, कारण ज्यांचे ऋण आहे त्यांची नावे लेबलावर नाहीत. लॅकर धुणारा, निकेलच्या हौदाशी उभा राहणारा, स्टॅम्परचे भोक मध्यावर आणणारा, प्रेसपाशी वाफेत दिवस काढणारा, आणि शेवटी कानाला हेडफोन लावून एकच गाणे दिवसभर दोष शोधत ऐकणारा. गौहर जान यांना आपले नाव गाण्यात सांगता आले. या मंडळींना ती सोय नव्हती. त्यांच्या हाताचे काही उरले असेल तर ते त्या बोटभर पट्टीवरच्या आकड्यांत आहे.

मंडळाच्या संग्रहाच्या सूचीत आजवर गायक, राग, गीतकार, संगीतकार आणि तबकडीचा क्रमांक असे पाच रकाने आहेत. कार्यकारिणीने या वर्षीपासून सहावा रकाना घालायचे ठरवले आहे: कोऱ्या पट्टीवरचा मजकूर, जसा दिसेल तसा, आकड्याच्या वाकड्या शेपटीसकट. हे काम भिंग आणि चांगली दृष्टी असलेल्या सभासदांचे आहे. पुढच्या बैठकीपासून सुरुवात करायची आहे. टॉर्च ज्याने त्याने आणावी.